बाईंच्या फुल्या

पाणीपुरवठा कार्यालयात एके काळी अशी कुजबुज होती की, बाईंच्या संगणकाचा पासवर्ड म्हणजे साहेबांचं नाव आहे.

कुजबुज आपली म्हणायची. प्रत्यक्षात ती जिन्यात, चहाच्या टेबलाशी आणि बिलं भरायच्या खिडकीआड चांगल्या खणखणीत आवाजात चालायची. बाई किंवा साहेब दिसले की मात्र मंडळी घसा खाकरून पाण्याच्या दाबाबद्दल बोलू लागत. त्या वर्षात पाण्याच्या दाबाबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं त्या कार्यालयात आधी कधी बोललं गेलं नव्हतं.

बाई म्हणजे तळमजल्यावरच्या संगणक खोलीतल्या बाई. कार्यालयात आणखी चार बायका होत्या, पण त्यांना ओळखायला पुढे काहीतरी जोडावं लागायचं. नुसतं 'बाई' म्हटलं की या एकट्याच. वय साडेछप्पन्न, केसांचा घट्ट अंबाडा, दोरीला बांधलेला चष्मा आणि गुडघे असे की जिना चढताना माणसाआधी त्यांचा आवाज वर पोहोचायचा. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं याची कार्यालयात सहा कारणं प्रचलित होती. बाईंना विचारलं तर त्या सातवं सांगायच्या, आणि ते दर वेळी वेगळं असायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी कार्यालयात संगणक आला तेव्हा टंकलेखन येणारी एवढी एकच व्यक्ती होती, म्हणून तो बाईंच्या गळ्यात पडला. यंत्र गरम होतं म्हणून त्याच्यासाठी खोलीला गारवा देणारं मशीन बसलं. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून खिडकीला जाळी आली. यंत्राशी बसणाऱ्याची पाठ दुखते असं कुणीतरी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून हातवाली खुर्ची आली. बाकी कार्यालय डुगडुगत्या पंख्याखाली घाम पुसत बसायचं आणि बाई संगणकाच्या पुण्याईवर गारव्यात.

संगणकाबद्दल तिथे प्रत्येकाचं ठाम मत होतं, आणि वापरायचा नसल्यामुळे ते बदलायची वेळही कधी आली नाही. लेखापालांच्या मते त्याने माणसाची स्मरणशक्ती जाते. हे ते रोज सांगायचे, कारण काल सांगितल्याचं त्यांना आठवायचं नाही. आवक-जावक पाहणाऱ्या ताईंनी 'व्हायरस' हा शब्द ऐकल्यापासून खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावायला सुरुवात केली होती. एकदा बाई सर्दीने दोन दिवस आजारी पडल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "मी सांगत होते. त्याच्याकडूनच आला." आणि शिपाई, ज्याला सगळे बिनतारी म्हणायचे, कारण त्याच्या कानात पडलेली बातमी तारेवाचून चारी मजले फिरायची, तो म्हणायचा, "यंत्र चांगलंच आहे हो. पण त्याला कळतं सगळं. माणूस बघून चालतं ते."

या यंत्रात काय होतं? गावातले सगळे व्हॉल्व्ह. कुठल्या रस्त्याखाली कुठली पाइपलाइन आणि कुठे चावी फिरवली की कुणाचं पाणी बंद होतं, याची दोन हजार तीनशे चौदा व्हॉल्व्हची यादी. चष्मा लावणारा एक प्रोग्रामर सहा महिने येऊन, बाईंच्या डब्यातली बिस्किटं संपवून, तो प्रोग्रॅम लिहून गेला होता. प्रत्येक व्हॉल्व्हपुढे त्याने 'शेरा' असा एक रिकामा चौकोन ठेवला होता. बाकी कुणी असतं तर तो रिकामाच राहिला असता. पण व्हॉल्व्हवाली माणसं फेरीहून आली की बाईंच्या जाळीशी टेकून गाऱ्हाणी सांगत, आणि बाई ती जशीच्या तशी चौकोनात घालत. 'क्रमांक ७१४. न्हाव्याच्या पायरीखाली. न्हाव्याला आधी सांगावं, नाहीतर वस्तरा हातात घेऊनच बाहेर येतो.' 'क्रमांक ३८. कुत्रं बांधलेलं असतं. कुत्रं चावत नाही, मालक चावतो.' 'क्रमांक ११०२. नकाशात आहे, जमिनीत नाही.'

पाणी खात्याची सगळी अक्कल त्या चौकोनांत साठली होती, आणि तिच्या दाराला कुलूप होतं.

हे कुलूप रोज सकाळी सव्वादहाला उघडायचं. बाई यंत्रावरचं आवरण काढून त्याची चौपदरी घडी घालत, पडदा पुसत. पडद्यावर 'परवलीचा शब्द' अशी अक्षरं आणि खाली एक लांबट चौकट येई. मग बाई खुर्चीत किंचित तिरक्या होत, पाठीने दार झाकत आणि टकटक करत. चौकटीत एकामागोमाग एक फुल्या उमटत.

आता पूर्वी छापील मजकुरात शिवी आली की तिथे फुल्या टाकायचे. तेव्हापासून आपल्या लोकांना फुल्या दिसल्या की आत काहीतरी चावटच असणार असं वाटतं. त्यातून बाई एकट्या. शब्द कुठला असेल यावर कार्यालयाने एकोणीस वर्षं डोकं चालवलं. ते बिलांच्या थकबाकीवर चालवलं असतं तर गावात घरटी नवा नळ आला असता. पहिला संशय अर्थातच बिस्किटवाल्या प्रोग्रामरवर. दुसरा निवृत्त झालेल्या सर्वेक्षकांवर, कारण त्यांनी एकदा बाईंना छत्री दिली होती आणि परत मागितली नव्हती.

मागे जाऊन फुल्या मोजायचे प्रयत्नही झाले. बिनतारीने चहा ठेवता ठेवता मोजल्या त्या नऊ. आवक-जावक ताईंनी रुमालाआडून मोजल्या त्या पाच. लेखापालांनी चष्मा पुसून बारा मोजल्या. मोजणाऱ्यांचं एकमत कधीच झालं नाही.

"म्हणजे माणूस एक नाही," ताईंनी निष्कर्ष काढला.

बाईंच्या कानावर हे सगळं जायचं. बिनतारीच सांगायचा. बाई म्हणायच्या, "मोजू दे. तेवढंच त्यांचं गणित सुधारेल."

सगळं सुरळीत चाललं असताना साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. साहेबांना येऊन सहा वर्षं झाली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त आरशासमोरून जाताना त्याचा वेग कमी व्हायचा. परिषदेहून त्यांनी एक पिशवी, एक पेन आणि 'डिजिटल रूपांतरण' हे दोन शब्द आणले. पिशवी घरी गेली, पेन गळलं, शब्द मात्र कार्यालयात राहिले. त्यांच्यामागून महिन्याभरात कंपनीचा माणूस आला. त्याच्या गळ्यात टाय होता, म्हणून तो टायवाला.

टायवाल्याने भिंतीवर चित्रं दाखवली. निळ्या थेंबांचे आलेख, हिरवे बाण, हसऱ्या बाईच्या हातात फोन. शेवटी तो म्हणाला, "आणि तुमचा सगळा डेटा ढगात राहील."

"पाणी खात्याचं सगळं शेवटी ढगातच असतं म्हणा," मागून बिनतारी म्हणाला. "उन्हाळ्यात काय करायचं?"

"हा वेगळा ढग आहे," टायवाला म्हणाला.

"तरी पण. आधीचा ढगसुद्धा दर वर्षी वेळेवर येईन म्हणून सांगतो."

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "यात शेऱ्याचा चौकोन आहे का?"

"मॅडम, यात शेऱ्यांची गरजच पडत नाही. सिस्टम स्वतःच सुचवते."

"न्हावी वस्तरा घेऊन येतो हे सुचवते?"

टायवाल्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते बिनतारीने नंतर पाहिलं. 'ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा विरोध अपेक्षित' असं होतं.

बिनतारीने आणखीही एक कागद पाहिला, तो साहेबांच्या टेबलावर. बाईंच्या बदलीचा आदेश. पूर्ण टंकलेला, फक्त सही बाकी. बदली टेकडीवरच्या पंपघरात, जिथे दर तासाला काटा कुठे आहे ते वहीत लिहायचं असतं. पंपघराला रस्ता नाही, पायऱ्या आहेत. एकशे एकतीस.

"डेटा काढून झाला की सही," बिनतारी म्हणाला. "साहेब टायवाल्याला म्हणाले, मी ऐकलं. जुनं यंत्र भंगारात, खोलीत नवं मशीन, आणि बाई वर."

बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. निवृत्तीला अठरा महिने होते. अठरा महिने रोज एकशे एकतीस पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली म्हणजे, पेन्शनचा पहिला हप्ता त्यांच्या हाती पडण्याआधी हाडवैद्याच्या हाती पडणार.

डेटा काढायला पासवर्ड लागणार होता. साहेबांनी तो तोंडी मागितला.

"देईन की," बाई म्हणाल्या. "लेखी मागा."

साहेबांनी लेखी मागितला. बाईंनी लेखी विचारलं की गोपनीय शब्द कुठल्या नियमाखाली उघड करायचा. साहेबांनी नियम कळवला. बाईंनी नम्रपणे लक्षात आणून दिलं की तो नियम कुलूप-किल्ल्यांना लागू आहे आणि फुल्यांबाबत तो काही बोलत नाही. असे तीन महिने गेले. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायला पत्राला चार दिवस लागत, कारण मध्ये आवक-जावक ताई होत्या. बाईंना हिशोब साधा होता. प्रत्येक पत्र आणि त्याचं उत्तर म्हणजे आठ दिवस कमी.

आणि नेमक्या याच वेळी धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाईंनी एकोणीस वर्षांत प्रथमच आठ दिवसांची रजा टाकली, यंत्रावर आवरण घातलं आणि दोन तासांवरच्या बहिणीच्या घरी गेल्या.

तिथे त्यांचा भाचा होता, बहिणीचा मुलगा. तो मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि घरूनच काम करायचा. म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली विजार घालून भिंतीशी बोलायचा.

"नक्की करतोस काय रे तू?" बाईंनी विचारलं.

"मावशी, आमच्या ॲपमध्ये एक बटण आहे. ते निळं आहे. ते कमी निळं करायचंय."

"मग कर."

"चाळीस जणांची टीम आहे. तीन देशांतली."

"आणि किती दिवस झाले?"

"मार्चपासून चाललंय."

बहीण पलंगावर एका डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. तिचं म्हणणं, हे सगळं धंद्याचं सोंग आहे आणि खरी गोष्ट म्हणजे फोन आपलं चोरून ऐकतो. "ताई, परवा मी नुसतं म्हटलं की कंबर दुखते, तर लगेच फोनवर कमरेचा पट्टा. मी आता दुखण्याचं बोलायचं असलं की फोन भांड्यांच्या कपाटात ठेवते."

"मग आता कपाटाला पट्टा येईल," बाई म्हणाल्या.

रजेचा चौथा दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला बाई बहिणीच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होत्या. फोन वाजला. बिनतारी होता आणि त्याच्या मागे अख्खं कार्यालय ऐकू येत होतं.

"बाई, घोटाळा झाला. दवाखान्याच्या धोबीखान्यामागे मोठी पाइप फुटली. दुमजली कारंजं उडतंय. चादरी पार रस्त्यावर तरंगतायत. लोकांनी आठवून आठवून एक व्हॉल्व्ह बंद केला, तर दवाखान्याचं पाणी गेलं आणि कारंजं तसंच."

"धोबीखान्यामागे दोन आहेत," बाई म्हणाल्या. "४१६ आणि ४६१. त्यातला एक उलटा फिरतो. कुठला ते मला असं तोंडी नक्की सांगता यायचं नाही. शेऱ्यात आहे. चुकीचा फिरवला तर दुसरीकडे फुटेल."

फोन साहेबांनी घेतला. "बाई, आता पत्रव्यवहार पुरे. पासवर्ड सांगा."

बाईंनी औषधाच्या बाटलीला झाकण लावलं. एका बाजूला चादरी तरंगत होत्या, दुसऱ्या बाजूला एकशे एकतीस पायऱ्या. टायवाला तिथेच असणार, हे त्यांना दिसल्यासारखं कळत होतं. यंत्र उघडलं की दुपारपर्यंत सगळं ढगात, आणि संध्याकाळी आदेशावर सही. पण दवाखान्यात नळाला पाणी नव्हतं. ते आठवल्यावर बाईंना काही सुचेना. त्यांनी सांगायला तोंड उघडलं.

"नाही सांगत," तिकडे साहेब म्हणाले. "बघा, संस्थेशी निष्ठा." आणि त्यांनी फोन बिनतारीच्या हातात दिला. बिनतारीने तो खिशात टाकला. बंद करायचं त्याला कधीच आठवायचं नाही.

"अहो, ऐका," बाई म्हणाल्या. खिशाने काही ऐकलं नाही. "अहो, सांगते ना."

भाच्याने फोनचा स्पीकर लावला. बिनतारीच्या खिशातून कार्यालय असं येत होतं, जणू कुणी गोधडीखाली नाटक करतंय.

"सर, सांभाळून," हा टायवाला. "तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा चुकलं की सगळा डेटा पुसला जातो."

"त्या जमान्यात असलं काही नव्हतं," भाचा म्हणाला.

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

"प्रोग्रामरचं नाव घाला," या आवक-जावक ताई. "शंभर टक्के तोच. किलोभर बिस्किटं खायला घातली होती त्याला."

"छत्री विसरू नका," हे लेखापाल.

"छत्री घालू का मग?" टायवाला वैतागला होता. "मला नाव सांगा, एक."

"सर्वेक्षकांचं स्पेलिंग कुणाला येतं?"

एक संधी वाया घालवायला कुणी तयार होईना, बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग कुणीतरी खाकरलं. बाईंनी ते खाकरणं ओळखलं. साहेब आरशासमोर थांबले की असंच खाकरायचे.

"माझं," साहेब म्हणाले. "म्हणजे व्यक्ती म्हणून नाही. कार्यालयप्रमुख म्हणून. शिष्टाचाराचा भाग म्हणून ठेवतात कधी कधी. घालून बघायला हरकत नाही."

खिशातून टकटक ऐकू आली, मग एक जोरात टक्.

"उघडलं," टायवाला म्हणाला.

खिशातून आता फक्त गारव्याच्या मशीनची घरघर येत होती. बहिणीने उघडा डोळा बाईंवर रोखला. पट्टीखालचाही रोखला असावा.

"पण साहेब," बिनतारीचा आवाज खिशाला लागूनच असल्यामुळे मोठा आला, "तुमच्या नावात एक 'ए' जास्त पडला की हो. मी बघत होतो."

"मला लहानपणी घरी असंच लिहायचे," साहेब अगदी हळू म्हणाले.

"मग ते बाईंना कसं कळलं?" आवक-जावक ताई म्हणाल्या.

"पण प्रोग्रॅम एकोणीस वर्षांचा आणि साहेब आले सहा वर्षांपूर्वी," हे लेखापाल. हिशोबाचा माणूस, त्याला राहवलं नाही.

"बदलला असेल," ताई म्हणाल्या. "मन बदलतं तसा. आणि फुल्या कमीजास्त व्हायच्या त्या का? कधी आडनावासकट, कधी नुसतंच."

मग टायवाल्याने शेरा वाचून दाखवला. "क्रमांक ४६१. हा उलटा फिरतो. आधी हा, मग ४१६. फुटल्यास साहेबांना लगेच सांगू नये, घाबरतात."

"काळजी बघा किती," ताई म्हणाल्या.

व्हॉल्व्ह बंद झाला, कारंजं बसलं, चादरी गोळा झाल्या. बाईंनी फोन ठेवला.

"ताई," बहीण म्हणाली, "खरं आहे का हे?"

"डोळ्याबरोबर डोकंही तपासून घ्यायला हवं होतं तुझं."

"मग आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग की खोटं आहे. या वयात तुझं नाव खराब होणार. आणि तेही अशा माणसाबरोबर, जो घाबरतो."

"खोटं आहे म्हणून सांगितलं की खरं काय तेही सांगावं लागतं."

"मावशी," भाच्याने खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला संगणकाच्या बाबतीत खरी उत्सुकता वाटली होती. "खरं काय आहे?"

"तुझ्या बटणाचा रंग ठरला का?" बाई म्हणाल्या.

उरलेले चार दिवस दर दोन तासांनी बहिणीच्या डोळ्यात थेंब घालता घालता बाईंनी विचार केला. तराजूच्या एका पारड्यात नाव होतं, दुसऱ्यात खुर्ची. नावाचं म्हणावं तर ते एकोणीस वर्षं चघळलंच जात होतं, प्रोग्रामरबरोबर, सर्वेक्षकांबरोबर, एका छत्रीबरोबर, आणि त्याबदल्यात पदरात काही पडलं नव्हतं. आठव्या दिवशी त्यांनी बॅग भरली आणि मूग गिळून कामावर हजर झाल्या.

खोलीत शिरल्या तर हातवाल्या खुर्चीवर नवी उशी. साहेब स्वतः दारात. नवा शर्ट, आणि केस असे काळे की सकाळीच बुटांबरोबर पॉलिश केल्यासारखे.

"उशी मऊ आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. आवाज खाली आणला. "बाई, मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

"बरं, साहेब."

"काही गोष्टी यंत्रातच राहिलेल्या बऱ्या."

"राहू देत, साहेब."

बदलीचा आदेश कचऱ्याच्या टोपलीत चार तुकडे होऊन पडला होता. बिनतारीने जुळवून खात्री करून घेतली. सही करणं साहेबांना शक्यच नव्हतं. केली असती तर लोक म्हणाले असते, प्रकरण निस्तरायला बाईला टेकडीवर धाडलं. आणि लोकांचं सोडा, ज्या बाईने आपलं नाव रोज सकाळी, तेही लहानपणच्या स्पेलिंगने, एवढ्या निष्ठेने लिहिलं तिला पायऱ्या चढायला लावायचं म्हणजे साहेबांना स्वतःच्याच प्रतिमेवर चिखलफेक केल्यासारखं वाटलं असतं. टायवाल्याला कळवण्यात आलं की बिलं, तक्रारी आणि थेंबांचे आलेख खुशाल ढगात न्यावेत. व्हॉल्व्हची यादी 'तांत्रिक कारणास्तव' आहे तिथेच राहील.

फुकटात मात्र काही मिळालं नाही. आवक-जावक ताई बाईंच्या टेबलाशी डबा खायला बसेनाशा झाल्या. व्हॉल्व्हवाले जाळीशी आले की उगाच घसा खाकरायचे. एकदा साहेबांच्या पत्नी पाण्याच्या बिलाचं निमित्त करून येऊन गेल्या. त्यांनी बाईंना अंबाड्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. जाताना एवढंच म्हणाल्या, "पासवर्ड बदला."

"उद्याच बदलते," बाई म्हणाल्या.

बाई घरी एकट्या असताना त्यांना हे लागत नसेल असं नाही. एका दुपारी ताईंनी चहाच्या टेबलाशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "आम्हाला बाई कुणाच्या नावाने कधी काही उघडता आलं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "तुमचं नाव घातलं असतं ना ताई, तरी उघडलं असतं."

सगळे हसले. हजरजबाबी आहे हो बाई, असं लेखापालसुद्धा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

उरलेले पंधरा महिने गेले. निरोपाच्या दिवशी साहेबांचं भाषण 'यंत्रं येतील आणि जातील' इथपर्यंत आलं आणि अडकलं. त्यांना पाणी द्यावं लागलं. नियमाप्रमाणे पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाच्या हाती द्यायचा होता. बाईंनी लिफाफा दिला. साहेबांनी तो उघडला नाही. जे आपल्याला ठाऊक आहे ते वाचायचं कशाला, म्हणून त्यांनी तो डाव्या खिशात ठेवला, पेनाच्या मागे.

बाईंच्या जागी नवी मुलगी आली. तिला सगळ्यांनी सांगितलं, काही नाही, साहेबांचं नाव घाल. एक 'ए' जास्त. ती घालायची, उघडायचं. वर्षाने साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले. मुलगी शहाणी होती. तिने पहिल्याच दिवशी नव्या साहेबांचं नाव घातलं. तेही उघडलं. बिनतारी म्हणाला, मी सांगत होतो, माणूस बघून चालतं ते.

खरी गोष्ट अशी की, त्या यंत्राला पासवर्ड नव्हता. तेव्हाच्या साहेबांनी कुलूप पाहिजे म्हणून हट्ट धरला, तेव्हा प्रोग्रामरने फुल्यांची चौकट तेवढी करून दिली, आतली तपासणी सोमवारी घालतो म्हणाला आणि शनिवारी दुसऱ्या नोकरीवर गेला. चौकटीत काहीही घातलं, किंवा काहीच घातलं नाही, तरी एंटर दाबलं की प्रोग्रॅम उघडायचा. बाईंना हे तिसऱ्या दिवशी कळलं होतं. त्या रोज तिथे संध्याकाळी आणायच्या भाजीचं नाव लिहीत. साहेबांच्या खिशातल्या लिफाफ्यात कोरा कागद होता.